व्हेपची पाच आठवड्यांची चाचणी

मी पंचवीस वर्षं सिगारेट ओढली, आणि त्यातली बरीचशी वर्षं अशा ठिकाणी काढली जिथे खिशात काडेपेटी सापडली तरी माणूस नोकरी गमावून घरी जातो. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर आमचा केमिकल प्लँट आहे. सकाळी आंग मो किओहून कंपनीची बस निघते. बेटाच्या नाक्यावर पास दाखवायचा, लायटर असेल तर तिथेच ठेवायचा आणि आत जायचं. आत सिगारेटसाठी एकच काचेची खोली. तिच्या भिंतीत विजेचा लायटर बसवलेला आहे. लाल झालेल्या तारेला सिगारेटचं टोक टेकवायचं आणि ओढायचं. दहाला, जेवणानंतर आणि चारला मी त्या खोलीत असायचो. संध्याकाळी घरी आलो की आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, पार्किंगच्या टोकाला, झाडाखालच्या कचरापेटीपाशी उभा राहून आणखी दोन.

माझं काम पंप आणि कॉम्प्रेसरचं. नवं यंत्र घ्यायचं असेल तर ते बनतं तिथे जाऊन चालवून बघायचं, कुठे कुरकुरतंय ते टिपायचं आणि मग घ्यावं की नाही ते लिहून द्यायचं. ही सवय घरातही शिरली होती. मिक्सर घ्यायच्या वेळी मी तीन मिक्सरांचा तक्ता केला होता. आवाज, भांड्याची पकड, झाकणाचं रबर, सगळं. बायकोने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "छान आहे. आपण निळा घेऊ." ती स्वतः इथल्याच एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुकाच शोधते. माझ्या सिगारेटबद्दल मात्र ती फारसं बोलायची नाही. आमच्या लग्नाआधी तिचे वडील शेवटची चार वर्षं ठाण्याच्या घरात ऑक्सिजनची नळी लावून बसलेले असायचे. सिगारेटबद्दल तिला जे बोलायचं होतं ते सगळं त्यांच्याशीच बोलून संपलं होतं, असं मला वाटतं.

गेल्या वसंतात कंपनीने मला पाच आठवड्यांसाठी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात पाठवलं. तिथल्या कारखान्यात आमचा कॉम्प्रेसर तयार होत होता आणि त्याच्या सगळ्या चाचण्या माझ्यासमोर व्हायच्या होत्या. चाचणी म्हणजे बहुतेक वेळ वाट बघणं. यंत्र सुरू करायचं, तापमान स्थिर व्हायची वाट बघायची, चार तास चालू द्यायचं. बाहेर बारीक पाऊस आणि बोचरा वारा. मी जाड लोकरी कोट घालून दर तासाला शेडच्या मागे जायचो आणि वाऱ्याला पाठ करून सिगारेट पेटवायचो.

तिथला फोरमन साठीच्या पुढचा होता. उंच, पांढऱ्या भुवयांचा, फार न बोलणारा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. गळ्यात दोरी, दोरीला हायलायटर पेनएवढी एक निळी नळी. व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट. त्याने ती ओढली आणि पांढरी वाफ सोडली. तिला फळाच्या गोळीचा वास होता.

"हे कधी वापरलंस?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "आमच्याकडे बंदी आहे. जवळ बाळगायलाही."

"इथे नाही," तो म्हणाला. "तीस वर्षं मी तुझ्यासारखाच इथे येऊन भिजायचो."

दुसऱ्या दिवशी त्याने मला एक नवं कोरं आणून दिलं. पाकिटावर पिवळा आंबा. खाली बारीक अक्षरांत निकोटिनचं प्रमाण आणि ते व्यसन लावतं अशी सूचना. डिस्पोजेबल, पण रिचार्जेबल. म्हणजे आतली बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करायची, पण द्रव संपला की सगळंच फेकून द्यायचं. या दोन शब्दांचा मेळ कसा घालायचा ते मला कळेना. मी तसं फोरमनला म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, "तू इंजिनियर आहेस. चाचणी घे आणि सांग मला."

तो गमतीत बोलला असेल. मी मात्र त्याच संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत लाल पुठ्ठ्याची वही काढली आणि पान आखलं.

ते पान आजही माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी लिहिलंय: ठसका लागला. घशाला सिगारेटसारखीच पकड, पण धूर नाही. चव आंब्याची नाही, शाळेत असताना दुकानात मिळायच्या त्या आंब्याच्या गोळीची. तिसऱ्या दिवशी: आज सिगारेट शून्य. हे वाक्य लिहिल्यावर मी पेन खाली ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. पंचवीस वर्षांत असा दिवस फक्त तापात गेला होता. सहाव्या दिवशी: कोटाचा वास गेला. जिभेवर मीठ कळतंय. गावात एक पंजाबी खानावळ होती, तिथल्या डाळीत जिऱ्याची फोडणी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. त्याआधी चार वेळा तीच डाळ मी जेवलो होतो.

बॅटरीबद्दलही लिहिलं आहे. चार्जिंगची वायर पाकिटात येत नाही, फोनची चालते. चार्ज होताना नळी कोमट होते. मी ती कधी बिछान्यावर ठेवून चार्ज केली नाही, चहाच्या बशीत ठेवायचो आणि समोर बसून राहायचो. आग लागू शकेल अशा प्रत्येक गोष्टीसमोर बसून राहायची सवय मला प्लँटने लावली आहे. पुढे एका ठिकाणी: किती द्रव उरलाय ते बाहेरून दिसत नाही. दिवा लुकलुकला तर बॅटरी संपली की द्रव संपला ते कळत नाही. संपत आलं की कापूस जळाल्याचा कडू झुरका येतो. दोनदा तोंडात थेंब आले, जीभ बधिर.

पहिली नळी संपली तेव्हा मी ती फोरमनच्या टेबलावर ठेवली. त्याने पक्कडीने तिचं टोक काढलं आणि आतला ऐवज एका फडक्यावर मांडला. कापसाचा बोळा, केसाएवढ्या तारेचं वेटोळं, नखाएवढं सर्किट आणि करंगळीएवढी बॅटरी. त्याने बॅटरी मीटरला लावली.

"पूर्ण चांगली आहे," तो म्हणाला. "अजून काही वर्षं चालेल."

"आणि आपण ती फेकायची."

"सगळे फेकतात." त्याने बॅटरी कपाटातल्या एका डब्यात टाकली. डब्यात तशा पुष्कळ होत्या. टाकवत नाही म्हणून साठवतो, असं त्याने सांगितलं.

घरी मी रोज फोन करायचो. दुसऱ्या आठवड्यात बायको मध्येच थांबली आणि म्हणाली, "तुझा आवाज मोकळा झालाय."

"सिगारेट बंद आहे," मी म्हणालो. "आज नववा दिवस."

मग ती म्हणाली, "खरंच?" आणि तिने मुलीला हाक मारली. मुलगी फोनवर येऊन सिंगापूरच्या पोरांच्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "वा बाबा, सो प्राउड, लाह." मी काही खोटं बोललो नव्हतो. सिगारेट खरंच बंद होती. आंब्याच्या नळीबद्दल सांगायची ती वेळ होती आणि ती मी जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं, तिसऱ्या दिवशी त्याहून.

तोवर वहीतल्या नोंदींचा सूर बदलायला लागला होता. दहाव्या दिवसाची नोंद: दात घासायच्या आधी ओढली. बाराव्या दिवसाची: अंघोळीला नेली. सिगारेट ओढायची तर कोट घालावा लागे, जिना उतरावा लागे, वाऱ्यात उभं राहावं लागे आणि सात-आठ मिनिटांत ती संपून जाई. संपली की माणूस परत कामाला लागे. ही नळी संपत नव्हती. ती खिशातच होती. संध्याकाळी कॉम्प्रेसरचे आकडे लिहिताना एक झुरका, पान उलटताना एक. शेडमध्ये बंदी होती म्हणून बरं. हॉटेलच्या खोलीत मी ती उशीशेजारी ठेवून झोपायला लागलो होतो. मी दोन वेगळ्या चवींच्या घेऊन ठेवल्या होत्या, एक संपली तर पंचाईत नको म्हणून. सिगारेटचं दुसरं पाकीट मी कधी आणून ठेवलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात चाचण्या संपल्या, कागदांवर सह्या झाल्या. फोरमन मला चहाला घेऊन बसला आणि त्याने विचारलं, "मग, तुझ्या वहीत काय निघालं?"

मी म्हणालो, "वास नाही, राख नाही, खोकला कमी. सिगारेटपेक्षा बरी असेल. पण रोजच्या वापराला चांगली आहे असं लिहायला हात धजत नाही."

तो कपातल्या चहाकडे बघत होता. म्हणाला, "मी तीन महिन्यांसाठी घेतली होती. सिगारेट सुटली की हीसुद्धा सोडायची, असं ठरवलं होतं. सहा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात माझ्या नातीचं चर्चमध्ये नाव ठेवायचा कार्यक्रम होता. पाळी माझी आली, बाळ माझ्या हातात द्यायचं होतं आणि मी मागच्या बाजूला जाऊन ही ओढत होतो. त्यांनी बाळ दुसऱ्या आजोबांकडे दिलं." मग तो म्हणाला, "कुणी मला काही बोललं नाही."

आम्ही चहा संपवला. निघताना त्याने हात मिळवला तेव्हा दुसरा हात त्या दोरीवर होता.

विमानतळावर सुरक्षेच्या रांगेआधी जुन्या बॅटरींसाठी एक पेटी होती. मी पँटच्या खिशातली नळी तिच्यात टाकली आणि हात झटकले. कोट हातावर होता. सिंगापूरला उतरलो, दमट हवेने चष्म्यावर धुकं धरलं, बायको आणि मुलगी बाहेर उभ्या होत्या. बायकोने जवळ येऊन माझ्या शर्टाचा वास घेतला. लोकांसमोर असं काही ती कधी करत नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. सिगारेट नाही आणि नळीही नाही. डोकं जड, हाताला चाळा नाही, कुणी काही विचारलं की आधी रागच यायचा. ओला टॉवेल सोफ्यावर टाकला म्हणून मी मुलीला इतकं बोललो की ती पंधरा वर्षांची मुलगी नुसती उभी राहिली आणि मग आपल्या खोलीत गेली. बायको तिला समजावत होती, "बाबांची सिगारेट सुटतेय ना, थोडं सांभाळून घे." ते ऐकून मला आणखी चीड आली. ती मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, ऑफिसात, फोनवर तिच्या बहिणीला, सगळ्यांना सांगत होती: स्वतःच्या मनाने सोडली, औषध नाही, काही नाही. लोक मला कसं जमलं ते विचारायचे. मी हसायचो.

सोळाव्या दिवशी मी पार्किंगच्या टोकाला जाऊन एक सिगारेट ओढली. नंतर रोज एक. वर्षअखेरचे पावसाळी महिने सुरू होईपर्यंत रोजच्या तीन झाल्या होत्या. पुदिन्याच्या गोळ्या, ऑफिसच्या खणात दुसरा शर्ट, घरी आल्यावर आधी अंघोळ. पंचवीस वर्षं उघड सिगारेट ओढणारा माणूस मी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॉलेजातल्या मुलासारखा हात हुंगून बघत होतो.

त्याच सुमारास इथे व्हेपवरची कारवाई फार कडक झाली. बंदी आधीपासून होतीच, पण आता त्यात गुंगीचं औषध घालून विकायला लागले होते आणि शाळकरी पोरं रस्त्यात कोसळत होती. बस थांब्यांवर, लिफ्टमध्ये, शाळेत, सगळीकडे फलक लागले. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांचा इथला मुक्कामच धोक्यात येऊ शकतो, असं बातम्यांत येत होतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी वस्तीवस्तीतल्या सरकारी केंद्रांमधल्या, कम्युनिटी क्लबांमधल्या पेट्यांत आणून टाकावं, तिथे कुणी नाव विचारणार नाही, असंही सांगत होते. मी त्या बातम्या दुसऱ्या कुणाच्या असाव्यात तशा वाचायचो.

एका शनिवारी सकाळी बायको मार्केटला भाजी आणायला गेली होती. मुलीची शाळेची सहल कोरियाला जायची होती आणि तिला माझा लोकरी कोट घालून बघायचा होता. मी जेवणाच्या टेबलाशी बसून काहीतरी वाचत होतो. ती आतून आली, अंगात तो कोट, बाह्या हाताच्या पुढे लोंबत होत्या. तिने टेबलावर कागदी रुमाल पसरला आणि त्यावर एक निळी नळी ठेवली. माझी दुसरी नळी. कोटाच्या आतल्या खिशातली.

"बाबा, हे तुझं आहे?" तिने विचारलं. ती एरवी माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलते. मराठीत बोलली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मला समजलं.

"हो," मी म्हणालो. "इंग्लंडमधली आहे. राहून गेली. विसरलो."

विसरलो असं मी तेव्हा म्हणालो खरा. आजही मला त्याची पूर्ण खात्री देता येत नाही. विमानतळावरच्या पेटीपाशी मी पँटचे दोन्ही खिसे तपासले होते. कोट माझ्या हातावरच होता.

ती खुर्ची ओढून बसली. तिच्या वर्गातली एक मुलगी शाळेच्या स्वच्छतागृहात व्हेप ओढताना पकडली गेली होती, तिचे आईवडील शाळेत येऊन रडले होते, हे सगळं तिने सांगितलं. तिचा आवाज अगदी खाली होता. मग ती म्हणाली, "तू स्मोकिंगपण परत स्टार्ट केलंस. आय नो."

"कधीपासून माहितीये तुला?"

"टू मंथ्स. मी ट्यूशनवरून येताना पार्किंगमध्ये बघितलं. तू फोनवर बोलतोय असं ॲक्टिंग करत होतास."

"आईला सांगितलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. "शी सो हॅपी, बाबा. हाउ टू टेल?"

मी रागवायच्या किंवा समजवायच्या तयारीत होतो, ते राहूनच गेलं. दोन महिने ती रोज माझ्यासमोर जेवली होती. आई कौतुक करत असताना ताटात बघत बसली होती. माझं लपवणं मी तिच्याकडून करून घेत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"मी सांगतो," मी म्हणालो. "आजच. ती आली की."

"आय स्टे?"

"थांब. थांबलीस तर बरं होईल."

बायको आली ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. एकीतून मेथीची जुडी बाहेर आलेली. तिने टेबलाकडे बघितलं, मग कोटातल्या मुलीकडे, मग माझ्याकडे. पिशव्या तिने हातातच ठेवल्या. मी बसल्या जागी सगळं सांगितलं. फोरमन, आंब्याची नळी, फोनवर न सांगितलेलं, सोळावा दिवस, पुदिन्याच्या गोळ्या. मुलीला दोन महिन्यांपासून माहीत होतं हेही सांगितलं. ते ऐकल्यावर तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग ती स्वयंपाकघरात गेली. मेथी पाण्यात टाकल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाली, "त्याचा तक्ता केला असशील तू."

"केलाय."

"आण."

मी लाल वही आणून दिली. तिने ती उभ्यानेच वाचली, ऑफिसात रिपोर्ट वाचते तशी, बोट ओळीखाली सरकवत. दोन पानं उलटली, मागे आली, परत पुढे गेली.

"दिवसाला किती वेळा ओढायचास?"

"मोजलं नाही."

"तू मोजलं नाहीस?" ती म्हणाली. तिने वहीतून डोकं वर काढलं. "आपल्या बादलीत किती मग पाणी बसतं तेही तू मोजलंयस."

तिने वही मिटली.

"माझे बाबा सिगारेट ओढायला बाल्कनीत जायचे," ती म्हणाली. "ऑक्सिजनची नळी काढून ठेवायचे आणि जायचे. मी ऑफिसातून यायच्या आत परत येऊन नळी लावून बसायचे. मला वाटायचं, ते मला फसवतायत. नंतर नंतर वाटलं, ते मला घाबरतायत. मला ते जास्त लागलं." ती खुर्चीवर बसली. "तू ओढतोस याचा मला त्रास आहेच. पण तू मला घाबरू नकोस रे. आणि हिला मध्ये घेऊ नकोस."

मुलगी कोटाच्या बाह्यांनी डोळे पुसत होती. बायकोने तिला म्हटलं, "आधी तो कोट काढ, घामाने निथळतेयस."

नळी घरात ठेवायची नाही, हे तिघांनाही न बोलता कळलं होतं. कम्युनिटी क्लब आमच्या ब्लॉकपासून पायी दहा मिनिटांवर आहे. नळी न्यायची कशात, यावर मात्र थोडी चर्चा झाली. शेवटी बायकोने ती झिपच्या पिशवीत घातली, पिशवी माझ्या जेवणाच्या डब्यात घातली आणि डब्याचं झाकण लावलं. त्या दहा मिनिटांत मी घामाघूम झालो. वाटेत सायकलवरचे दोन पोलीस दिसले, ते आमच्याकडे न बघता निघून गेले. मुलगी माझ्या उजवीकडे आणि बायको डावीकडे, जणू मीच पळून जाणार होतो.

पेटी दाराच्या आतच होती, पत्र्याची, वर टपालपेटीसारखी फट. शेजारच्या टेबलामागे एक वयस्कर चिनी बाई वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्या हातातला डबा बघितला आणि परत वाचायला लागल्या. आमच्या पुढे एक आजोबा होते, रबरी चपला घातलेले. ते खिशातून एकेक काढून टाकत होते, चार-पाच तरी असतील. आमच्याकडे वळून म्हणाले, "ग्रँडसन." मी म्हणालो, "माइन." ते जरा चकित झाले, मग त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं.

नळी आत पडली. पेटी बऱ्यापैकी भरलेली असावी, कारण आवाज लगेच आला.

नंतर आम्ही खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये बसून डोसे खाल्ले. मुलीने चॉकलेटचं मायलो घेतलं. टेबलावर कुणी सिगारेटचा विषय काढला नाही. बायकोने मला एवढंच विचारलं, "डॉक्टरकडे कधी जायचं?"

सोमवारी गेलो. सरकारी पॉलीक्लिनिकमध्ये धूम्रपान सोडवायला मदत करणारी एक मलाय तरुणी असते, डोक्याला गुलाबी स्कार्फ, समोर कागद. दिवसाला किती, पहिली केव्हा, आधी कधी सोडली होती. मी खरी उत्तरं दिली. व्हेपचंही सांगितलं. तिने भुवई न उचलता लिहून घेतलं. बायको शेजारी होती. एका उत्तराला ती माझ्याकडे वळली, कारण पहिली सिगारेट मी बसमध्ये चढायच्या आधी ओढत होतो हे तिलाही माहीत नव्हतं. त्या तरुणीने दंडाला लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या दिल्या आणि म्हणाली, संध्याकाळची वेळ तुमच्यासाठी सगळ्यात अवघड आहे, त्या वेळेचं काहीतरी ठरवून ठेवा.

पट्ट्यांनी सगळं एकदम झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात प्लँटमध्ये एक पंप बंद पडला, सगळे एकमेकांवर ओरडत होते, तेव्हा मी त्या काचेच्या खोलीत जाऊन एक ओढली. घरी आल्यावर बूट काढायच्या आधी सांगितलं. बायको म्हणाली, "बरं. जेवायला बस." नंतर पट्टी लहान होत गेली, मग नुसतीच कातडीवर चौकोनी खूण राहिली. आता पाचवा महिना चालू आहे. सुटली असं मी कुणाला सांगत नाही, आणि बायकोही सांगत नाही. मंडळात कुणी विचारलं तर ती म्हणते, "चाललंय."

संध्याकाळच्या वेळेचं मुलीने स्वतःहून ठरवलं. बस मला साडेसहाला सोडते. ती खाली येऊन उभी असते आणि आम्ही ब्लॉकभोवती दोन फेऱ्या मारतो. ती इंग्लिशमध्ये बोलते, मी मराठीत. फिजिक्सचे सर, सहलीच्या मैत्रिणी, कोरियातल्या बर्फात ओले झालेले मोजे. काही दिवस मी नुसता ऐकतो. काही दिवस अजूनही छातीत काहीतरी ओढल्यासारखं होतं आणि मी चालता चालता थांबतो. तीही थांबते.

परवा तिने विचारलं, "बाबा, व्हॉट्स क्रेव्हिंग इन मराठी?"

"तलफ."

"तलफ," तिने म्हणून बघितलं. "स्टिल गॉट?"

"आत्ता आहे."

"हाउ लाँग?"

"तीन-चार मिनिटं. मग जाते."

तिने घड्याळात बघितलं. आम्ही तिसरी फेरी सुरू केली.